पाणी जाईल तिकडे: सह्याद्रीतली पहिली पावसाळी बाइक ट्रिप

दरवर्षी मृगाचा पहिला पाऊस झाला की ऑफिसात कुणीतरी विचारतंच, "घाटात गाडी घेऊन जायचंय, पहिल्यांदाच. कुठे जाऊ?" माझं उत्तर गेली काही वर्षं बदललेलं नाही. पुण्याहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरायचं, महाड-पोलादपूर गाठायचं, आंबेनळी घाटाने महाबळेश्वर चढायचं, केळघर घाटाने मेढ्यावरून साताऱ्याला यायचं आणि महामार्गाने घरी. तीन दिवस, दोन मुक्काम, आडवाटा धरून साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईकरांनी माणगावपासून सुरुवात धरावी.

तीन दिवसांत साडेचारशे ऐकून महामार्गावर गाड्या पळवणारे हसतात. हसू देत. पावसात, घाटात, थांबत थांबत दिवसाला दीडशे किलोमीटर म्हणजे नवख्या माणसाच्या मनगटांना आणि डोळ्यांना भरपूर काम आहे. आणि यासाठी मोठी गाडी लागत नाही. मी हा रस्ता दीडशे सीसीच्या, रोज मंडईत जाणाऱ्या गाडीवर केलाय. गाडी तुमच्या सवयीची हवी, एवढंच. मित्राची किंवा भाड्याची अनोळखी जड गाडी पहिल्या घाटाला नको.

हाच रस्ता का

आधी नकाशावर रस्ते बघू नका, नद्या बघा. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. पाचींचं पाणी एकाच गोमुखातून पडताना दिसतं. त्यातली सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला निघते ती थेट बंगालच्या उपसागरापर्यंत, सुमारे चौदाशे किलोमीटर. आपण सावित्रीच्या बाजूने चढणार आणि वेण्णेच्या सोबतीने उतरणार.

यात हौस आहे तशी सोयही आहे. समोरचं पाणी कुठून येतं हे डोक्यात असलं, की तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही ओढा का फुगला ते कळतं. नवख्यांना घाटात दगा देतो तो बहुतेक वेळा अंगावर पडणारा पाऊस नसतो, वरच्या पठारावर तासाभरापूर्वी पडून गेलेला असतो.

कधी निघायचं

जुलैत नाही. लोक नेमके जुलैतच उठून जातात. पुण्यात वर्षभरात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरात पाच हजारांच्या वर, आणि त्यातला मोठा हिस्सा जुलै-ऑगस्टमध्ये. त्या दिवसांत धबधबे दिसतच नाहीत, पांढरं धुकं दिसतं आणि त्यातून नुसता आवाज येतो.

पहिल्या ट्रिपसाठी ऑगस्टचा उत्तरार्ध ते सप्टेंबरअखेर हा काळ धरा. पाणी भरपूर असतं, पाऊस सरींनी येतो, मध्ये ऊन पडतं, भातखाचरं पोपटी झालेली असतात. अडचण एकच, गणपती. माणगाव ते पोलादपूर हे पंचेचाळीसेक किलोमीटर आपण मुंबई-गोवा महामार्गावर असतो. चतुर्थीच्या आधीचे तीन-चार दिवस आणि गौरी-गणपती विसर्जनानंतरचे दोन दिवस हा रस्ता चाकरमान्यांचा असतो, आपण त्यात शिरू नये. शनिवार-रविवारही टाळा. रविवारी दुपारी ताम्हिणीत गाड्यांची रांग, मक्याचा धूर आणि ब्लूटूथ स्पीकर. सोमवार ते बुधवार रजा मिळत असेल तर घ्या.

हवामान खात्याचा अंदाज बघताना नवखे एक चूक हमखास करतात: 'पुणे' एवढंच बघतात. खात्याच्या इशाऱ्यात पुणे आणि सातारा जिल्ह्यांचा घाट परिसर वेगळा दिलेला असतो. शहराला हिरवा आणि घाटाला ऑरेंज, असं कितीदा तरी असतं. तुम्ही पुणे घाट, रायगड आणि सातारा घाट या तीन ओळी बघायच्या. तिन्हीपैकी एकीलाही ऑरेंज असेल तर निघायचं नाही. यलो असेल तर निघा, पण पुढे सांगितलेले परतीचे रस्ते पाठ करून.

पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधब्यांवर आणि काही घाटांवर बंदीचे आदेश काढतात. ते बदलत असतात, त्यामुळे आदल्या दिवशीची ताजी बातमी बघा आणि मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून विचारा. विचारायचा प्रश्न मात्र नेमका हवा. "रस्ता कसा आहे?" असं विचारलं की गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून कुणीही "मस्त आहे" म्हणतो. "एसटी चालू आहे का?" असं विचारा. घाटातून एसटी जात असेल तर रस्ता आहे. एसटी बंद असेल तर तुमच्यासाठीही बंद.

गाडी

निघण्याआधी आठवडाभर सर्व्हिसिंग करून घ्या, आदल्या दिवशी नको. मेकॅनिकने काही सैल ठेवलं असेल तर ते रोजच्या रस्त्यावर कळलेलं बरं.

टायर सगळ्यात आधी. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला असेल तर बदला, 'एवढी ट्रिप होऊ दे' म्हणू नका. ओल्या रस्त्यावर तुम्हाला धरून ठेवणारी जागा म्हणजे दोन टायरांचे तळहाताएवढे दोन तुकडे. हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवा. पावसात हवा कमी करावी हा पानटपरीवरचा सल्ला विसरा. मग ब्रेक. ड्रम ब्रेक असेल तर लायनर बघून घ्या, डिस्क असेल तर पॅड. एप्रिल २०१९ पासून सव्वाशे सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे गाडी त्यानंतरची असेल तर बहुधा पुढच्या चाकाला तरी ते असेल. एबीएसने चाक अडकत नाही, पण निसरड्या वळणावर वेगात शिरलात तर तेही काही करू शकत नाही.

चेनला तेल लावायचं रोज संध्याकाळी, गाडी गरम असताना. दिवसभराचा पाऊस चेन धुऊन काढतो आणि दुसऱ्या सकाळी ती किरकिरायला लागते. छोटी बाटली आणि जुना टूथब्रश बरोबर ठेवा. याशिवाय क्लच केबल, एक स्पार्क प्लग, ट्यूबलेस टायरचं पंक्चर किट, गाडीबरोबर आलेला पाना-पकडीचा संच. केबल बदलता येत नसेल तरी घ्या. घाटातल्या गावात बदलून देणारा माणूस मिळतो, तुमच्या गाडीची केबल मिळत नाही.

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकरमध्ये असू द्या आणि लायसन्स प्रत्यक्षही. फोन भिजून बंद पडला तर डिजिलॉकर कुणाला दाखवणार?

अंगावर काय

रेनकोट दोन भागांचा, पँट आणि जाकीट. मोठा झग्यासारखा पाँचो गाडीवर चालत नाही. वाऱ्याने फुगतो, मागच्या चाकात जातो. मी पहिल्या वेळी एका दुकानदाराच्या "शंभर टक्के वॉटरप्रूफ" या शब्दावर जाकीट घेतलं, आणि मुळशीपर्यंत पोचेस्तोवर शिलाईतून पाणी झिरपून पोटापर्यंत आलं. तेव्हापासून नवा रेनकोट घालून घरी शॉवरखाली पाच मिनिटं उभी राहते. शेजारच्या काकू हसल्या होत्या. पण घाटात ओल्या अंगाने वाऱ्यात तासभर चालवलं की बोटं आखडतात, ब्रेक उशिरा दाबला जातो, हे त्यांना कोण सांगणार.

हेल्मेट आयएसआयचं, मागे बसणाऱ्यालाही. काच पारदर्शक हवी. काळ्या काचेने पावसाळी संध्याकाळी खड्डा आणि सावली सारखीच दिसते. काच आतून धुकट होऊ नये म्हणून भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतून चोळून कोरड्या फडक्याने पुसून काढा. जीन्स नको, भिजली की वाळत नाही आणि जड होते. बूट घोट्यावरचे. रात्री बुटांत जुनं वर्तमानपत्र कोंबून ठेवा, तासाभराने कागद बदला; सकाळी निदान पाय घालण्याजोगे असतात. कपड्यांची प्रत्येक जोडी वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत, मग सगळं बॅगेत. बॅगेवरच्या कव्हरवर विश्वास ठेवू नका. सामान मागच्या सीटवर आडवं, बंजी दोरीने दोन बाजूंनी आवळून. पाठीवरची सॅक दुपारनंतर खांदे मोडते.

पहिला दिवस: पुणे ते पोलादपूर, सुमारे दीडशे किलोमीटर

सहाला निघा. चांदणी चौक, पिरंगुट, पौड. पौडला टाकी भरून घ्या आणि पुढे माणगावपर्यंत पंप लागणारच नाही असं धरून चाला. पौडनंतर मुळशीचं धरण उजवीकडे-समोर दिसायला लागतं आणि रस्ता जलाशयाच्या कडेकडेने लांबच लांब वळणं घेत जातो. इथे चहाला थांबा, कारण या पाण्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. हे मुळेचं पाणी. नदी आपल्या वाटेने गेली तर पूर्वेला, पुण्याकडे जाते. टाटांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते अडवलं आणि डोंगराच्या पोटातून पश्चिमेला, खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडलं. ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या त्या मावळ्यांचा सत्याग्रह १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथेच झाला. वीज करून मोकळं झालेलं ते पाणी कुंडलिकेत जातं, आणि कोलाडला लोक ज्यावर राफ्टिंग करतात ते हेच. आता तुम्ही ताम्हिणी उतरणार म्हणजे त्या पाण्याबरोबरच कोकणात चाललात.

ताम्हिणीत पावसाळ्यात प्रत्येक वळणावर पाणी पडत असतं. प्रत्येक ठिकाणी थांबायचा मोह होईल. दोनच ठिकाणी थांबा, आणि थांबताना गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर, कड्याखाली नाही तर दरीकडच्या रुंद जागेत लावा. कड्याखाली ताजी लाल माती दिसत असेल, रस्त्यावर बारीक दगड पडलेले असतील किंवा झाडं वाकडी झालेली असतील तर तिथून निघून जा. देवकुंडला जायचं मनात असेल तर काढून टाका. तो धबधबा भिऱ्याजवळच्या जंगलात आहे, वाट ओढे ओलांडून जाते आणि पावसाळ्यात बंदी असते.

धबधब्याबद्दल एकच नियम सांगते, तो बाकीच्या सगळ्या सूचनांपेक्षा महत्त्वाचा. पाण्यात उतरायचं नाही. "घोट्याएवढंच तर आहे" असं म्हणणाऱ्या मित्रालाही उतरू द्यायचं नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. उतरली तेव्हा पाणी साधंच होतं. पठारावर सर कोसळली की ते पाणी खाली यायला थोडा वेळ लागतो आणि येतं तेव्हा एकदम येतं. लांबून बघत असतानाही पाणी गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज जाड झाला, तर उभे आहात तिथून मागे आणि वर सरका.

घाट उतरताना मी पहिल्यांदा काय केलं तेही सांगून टाकते. आमच्या घरात पेट्रोल वाचवायची एक जुनी रीत होती: उतार आला की न्यूट्रल. मी विळ्याकडच्या उतारावर तेच केलं. सगळा भार ब्रेकवर आला, मागचा ड्रम जळका वास मारू लागला, आणि एका डावीकडच्या वळणावर, झाडाखाली जिथे रस्त्याला शेवाळ धरलं होतं तिथे मी ब्रेक दाबला. वेग वीसही नसेल. गाडी माझ्याआधी आडवी झाली. गुडघा सोलला, हँडल वाकडं झालं, आणि दुधाच्या टेम्पोतून उतरलेल्या दोघांनी गाडी उचलताना एवढंच म्हटलं, "ताई, गिअरमध्ये उतरायचं असतं."

तर गिअरमध्ये उतरा. ज्या गिअरने चढला असता त्याच गिअरने उतरा. बहुतेक ठिकाणी दुसरा. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक फक्त वळणाआधी लागतो. ब्रेक सरळ रस्त्यावर असताना लावून घ्यायचा, वळणात शिरल्यावर नाही. पुढचा आणि मागचा दोन्ही, हलक्या हाताने. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुलांच्या लोखंडी जोडपट्ट्या, शेण, पडलेला पाला आणि झाडांच्या सावलीतलं शेवाळ यांच्यावरून जाताना ना ब्रेक, ना झटका. पाऊस सुरू होऊन पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यात वाईट. रस्त्यावरचं तेल वर येतं. ती वेळ टपरीवर काढा.

विळे, निजामपूर करून माणगावला महामार्ग लागला की जेवून घ्या. या बाजूला भाकरी तांदळाची मिळते, घाटावरच्या ज्वारीपेक्षा हलकी. पण पोट तुडुंब भरू नका, दुपारी महामार्गावर डुलकी येते. मग महाड. इथे तुमची पहिली सावित्री. पुलावर गाडी थांबवू नका, ओलांडून पुढे बाजूला उभे राहून मागे बघा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला १९२८ चा जुना दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्यांसह वाहनं नदीत गेली. आज आहे तो पूल त्यानंतर वर्षभराच्या आत बांधला. नदी सप्टेंबरात बघितली तर खरं वाटत नाही, इतकी शांत असते.

म्हणून फरशी पुलांचा नियम: पाणी फरशीवरून वाहत असेल तर थांबायचं. किती खोल आहे याची चर्चा करायची नाही. समोरून जीप आली तरी नाही. जीप वजनाने टिकते, आपण टिकत नाही.

मुक्काम महाड किंवा पोलादपूरला. पोलादपूर बरं, सकाळी घाट दाराशी. रायगड महाडहून पंचवीसेक किलोमीटरवर आहे आणि तो बोलावतोच, पण त्याला वेगळा दिवस द्या.

दुसरा दिवस: पोलादपूर ते सातारा

आजचा आकडा छोटा, शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण दिवस मोठा. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला आहे, महाबळेश्वर सुमारे साडेतेराशे मीटरवर. एवढी उंची चाळीस किलोमीटरमध्ये चढायची आहे.

निघण्याआधी पोलादपूरच्या स्टँडवर जा. महाबळेश्वरची गाडी गेली का, विचारा. जुलै २०२१ मध्ये, महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली त्याच पावसात, आंबेनळीचा रस्ता जागोजागी तुटून घाट बंद पडला होता. त्यानंतरही मोठ्या पावसात तो बंद ठेवतात. बंद असेल तर? आल्या रस्त्याने, ताम्हिणीने परत. गुगल तुम्हाला महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाट सुचवेल. तो पावसाळ्यात बहुतेक वर्षी बंदच असतो. स्टँडवर एक चहा प्या, रजेचा एक दिवस वाचला समजा आणि मागे वळा. माझ्या ओळखीत तीन जणांनी अशा वेळी "बघू तरी कुठपर्यंत जाता येतं" केलं आहे. तिघांनाही रात्री गाडी ढकलावी लागली.

घाट उघडा असेल तर महामार्ग सोडून डावीकडे वळा आणि घाई विसरा. चढताना गोष्ट उलटी असते: गिअर वळणाआधी खाली आणायचा, वळणात क्लच दाबायचा नाही. क्लच दाबलात की ओढ संपते, गाडी डगमगते, पाय टेकायला जावं तर रस्ता तिरका. नजर वळणाच्या टोकाकडे, दरीकडे नाही. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. आपली डावी बाजू सोडायची नाही. एसटीला आणि ट्रकला वळण घ्यायला अख्खा रस्ता लागतो, तो त्यांचा उर्मटपणा नाही, लांबी आहे. हॉर्न ऐकू आला की वळणाच्या अलीकडेच कडेला थांबा. नियमाने चढणाऱ्या वाहनाचा हक्क पहिला, पण बससमोर नियम सांगत बसू नका.

वाडा-कुंभरोशीजवळ प्रतापगडाचा फाटा येतो. १६५६ च्या सुमारास हा गड मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली उभा राहिला, आणि तो इथेच का, हे गाडीवरून चढून आलेल्याला पुस्तकाशिवाय कळतं: कोकणातून वर येणारी वाट त्याच्या नजरेखालून जाते. पाण्याच्या हिशेबानेही ही सीमा आहे. मागे उतरणारे ओढे सावित्रीचे, पुढचे कोयनेचे. धुकं नसेल तरच गडावर जा. पायऱ्या निसरड्या असतात आणि बूट ओले.

धुकं असेल, आणि बहुधा असेलच, तर हेडलाइट खाली. अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. डावीकडचा पांढरा पट्टा धरून, समोर जेवढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल एवढ्याच वेगाने चला. मागचा दिवा चिखलाने झाकलेला असतो, अधूनमधून पुसा. अजिबात दिसेनासं झालं तर रस्त्यावर थांबू नका, टपरीच्या किंवा देवळाच्या अंगणात गाडी घ्या. अर्धा तास लागतो, ढग पुढे जातो.

महाबळेश्वरला बाजारपेठेत वेळ घालवण्यासारखं पावसाळ्यात फार नाही. स्ट्रॉबेरी हिवाळ्यातली, आत्ता मिळेल तो जॅम. सरळ सहा-सात किलोमीटरवरच्या क्षेत्र महाबळेश्वरला जा. पंचगंगा मंदिरात त्या गोमुखाशी दोन मिनिटं उभे राहा. सकाळपासून ज्या नदीच्या खोऱ्यातून वर आलात ती इथली, आणि दुपारी जिच्यासोबत उतरणार तीही इथलीच. परत येताना वेळ असेल तर पाचगणी रस्त्यावरचा लिंगमळा धबधबा बघा, तोही वेण्णेचाच. माकडांपासून खाऊ आणि हातमोजे दोन्ही सांभाळा.

दुपारी दोनच्या आत मेढ्याकडे निघा. केळघर घाट आंबेनळीपेक्षा सौम्य, पण यातही दरडी येतात. उतार आहे, कालचा धडा आठवा: गिअरमध्ये. घाट बंद असल्याचं कळलं तर पाचगणी, पसरणी घाट, वाई आणि तिथून सातारा. थोडं लांब पडेल, रस्ता रुंद आहे. पाचगणी अवघी वीस किलोमीटरवर, पण पाऊस कितीतरी कमी, त्यामुळे हा भरवशाचा परतीचा दरवाजा.

तापोळ्याला उतरून शिवसागर जलाशय तराफ्यावर गाडी घालून ओलांडायचं आणि बामणोली-कासवरून साताऱ्याला जायचं, हा रस्ता तुम्हाला कुणीतरी सांगेल. सुंदर आहे. पण पावसाळ्यात तराफा वाऱ्या-पाण्यावर अवलंबून, आणि हललेल्या फळीवर गाडी चढवणं हे दुसऱ्या ट्रिपचं काम. मेढ्यानंतर कण्हेर धरणाच्या बाजूने सातारा. अंधाराआधी पोचा. अंधारात ओल्या रस्त्यावर समोरच्या दिव्यांत खड्डा दिसत नाही, एवढं एकच कारण पुरे.

महिलांनी गाडी चालवताना पाणी कमी प्यायची जी सवय आपल्याला लागली आहे ती इथे मोडा. डोकं दुखतं, लक्ष उडतं. एसटी स्टँड, महामार्गावरचे मोठे पेट्रोल पंप आणि जेवायची हॉटेलं, हे थांबे सकाळीच मनात मांडून ठेवा.

तिसरा दिवस: सातारा ते पुणे

ठोसेघरचा धबधबा किंवा कासचं फुलांचं पठार, दोन्हींपैकी एकच. दोन्ही साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटरवर, पण वेगवेगळ्या दिशांना.

ऑगस्टअखेर आला असाल तर ठोसेघर. वाटेत सज्जनगड लागतो. ठोसेघरला धबधबा समोरच्या बाजूच्या गॅलरीतून, कठड्याआडून बघायचा असतो, म्हणून नवख्यांसाठी तो मला सगळ्यात आवडतो: पूर्ण उंची दिसते आणि पाण्याच्या जवळ जायचा प्रश्नच येत नाही. कठड्यापलीकडे फोटो नाही. पुढे चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावर आडवा वारा लागतो. हलकी गाडी बाजूला सरकते. हात सैल ठेवा, अंग थोडं पुढे झुकवा, वेग कमी करा.

सप्टेंबरच्या मध्यावर आला असाल तर कास. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात हे पठार आहे. फुलांच्या दिवसांत ऑनलाइन नोंदणी करावी लागते, ती पुण्यातूनच करून ठेवा. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं. वर्ष नशिबाचं असेल तर टोपली कारवी, ती सात वर्षांनी फुलते. गाडी ठरलेल्या पार्किंगमध्ये लावा. फुलांत गाडी उभी करून फोटो काढणाऱ्यांमुळेच तिथे कुंपणाची वेळ आली होती.

दुपारी साताऱ्यात कंदी पेढे घ्या, प्लॅस्टिकच्या डब्यात भरा, कागदाच्या खोक्यात पुण्यापर्यंत टिकत नाहीत. आणि महामार्गाला लागण्याआधी पाच किलोमीटर वाकडी वाट करून संगम माहुलीला जा. दगडी घाट, जुनी देवळं, शांतता. काल गोमुखाशी बघितलेली वेण्णा इथे येऊन कृष्णेला मिळते.

इथेच गाडी बघून घ्या, कारण पुढे एकशे दहा किलोमीटर ट्रकांच्या संगतीचा महामार्ग आहे. चेन ताणून बघा, हवा तपासा, मागचा दिवा पुसा, ब्रेक दोनदा दाबून बघा. तीन दिवसांनी हात आपोआप सफाईदार झालेले असतात आणि मोकळा रस्ता दिसला की मनगट वळतं. डावी लेन सोडू नका. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना हेडलाइट चालू असू द्या, आत ओलं असतं आणि डोळ्यांना अंधार सवयीचा व्हायला क्षणभर लागतो. अडचण आली तर ११२, रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३. घरी पोचलात की पेढ्यांच्या आधी बूट बाहेर काढा आणि गाडी साध्या पाण्याने धुऊन चेनला तेल लावून ठेवा. सकाळी तिला ऑफिसला जायचं असतं.